ईदचे बूट

२०२४च्या ईदला मी माझ्या भाचीसाठी धावण्याचे बूट आणले. चांगल्या मनाने आणले, बऱ्यापैकी पैसे मोजून आणले, आणि चुकीचे आणले. ते मला जूनच्या पहिल्या आठवड्यात कळलं. तोवर तिच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. चीर काही एकट्या बुटामुळे गेली नव्हती, हेही पुढे कळलं. पण सुरुवात बुटापासून करतो, कारण ते मी आणले होते.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, आपाची मुलगी. आपाचं घर हिंगणघाटला. दुल्हेभाई तिथे एका जिनिंगमध्ये हमालांचे मुकादम आहेत. मुलगी बी.ए. करायला वर्ध्याला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा दुल्हेभाई मला एवढंच म्हणाले होते, "अमानत आहे, सांभाळा." वर्षभराने तिने सांगितलं की पोलीस भरतीची तयारी करायची आहे. हिंगणघाटला दोन-तीन बैठका झाल्या. कुणी नाही म्हटलं नाही, पण मोकळ्या मनाने होही कुणी म्हटलं नाही. शेवटी ठरलं की फुल ट्रॅक, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, डोक्याला स्कार्फ, सकाळी सोबत दोन मैत्रिणी. आणि दुल्हेभाईंची शेवटची अट होती, "तब्येतीला काही झालं तर धावणं बंद."

आम्ही सगळ्यांनी ही अट बापाची काळजी म्हणून ऐकली. मुलीने ती कायद्यासारखी ऐकली. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

वर्ध्यात पहाटे पाचला बाहेर पडलात तर ही मुलं तुम्हाला दिसतीलच. सेवाग्रामच्या रस्त्याला, पवनारच्या बाजूला, नागपूर रस्त्याच्या कडेला, चार-चार, सहा-सहाच्या घोळक्याने धावत असतात. कुणी शाळेतले पांढरे कॅनव्हास घातलेले, कुणी मोठ्या भावाचे बूट घातलेले, कुणी अनवाणी. पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, त्याचे २० गुण. १०० मीटर आणि गोळाफेक प्रत्येकी १५ गुणांचे. दोन-चार सेकंदांनी गुण कमी होतात आणि एका गुणावर पोरं यादीबाहेर जातात. शेतकऱ्याच्या, मजुराच्या, छोट्या दुकानदाराच्या घरात सरकारी नोकरीची दिसणारी वाट ही एवढीच असते. म्हणून ती पहाटे धावतात.

त्या वर्षी जाहिरात निघाली मार्चमध्ये. राज्यभर १७ हजारांहून जास्त जागा. आणि १२ मार्चपासून रमजान सुरू झाला. भाची रोजे धरत होती, त्यामुळे महिनाभर तिचं धावणं कमी झालं. इफ्तारच्या आधी थोडं चालणं, तरावीहनंतर घराच्या गच्चीवर व्यायाम. आठवड्याला जेमतेम बारा किलोमीटर. तिच्या मैत्रिणी पुढे जात होत्या आणि ती मागे पडत होती, असं तिला वाटत होतं. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. म्हणून मी ठरवलं की ईदला तिला नवे बूट द्यायचे, न सांगता.

शेवटच्या अशऱ्यात बाजारात गर्दी किती असते ते तुम्हाला माहीत आहे. मी दुपारी दीड वाजता, रोजाच्या घाईत दुकानात गेलो. सोबत तिची जुनी चप्पल नेली होती, मापाला. दुकानदाराने विचारलं, "लेडीज पाहिजे?" लेडीज म्हणून जे दाखवलं ते गुलाबी, मऊ, कॉलेजला घालायचं. धावायचं म्हटल्यावर त्याने मुलांचे बूट काढले, लहान नंबरचे. "चपलेपेक्षा एक नंबर मोठा घ्या सर, बूट आहे, मोजे येतात." मला ते पटलं. आपल्या घरात पोरांचे बूट नेहमी एक नंबर मोठेच घेतले गेले आहेत, पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून. खाली चांगला जाड, मऊ सोल. अंगठ्याने दाबून पाहिला, गादीसारखा वाटला. घेतला.

ईदच्या दिवशी ती बूट बघून इतकी खूश झाली की घालून अख्खं घर फिरली. "मामू, एकदम फिट!" म्हणाली. आता विचार करतो, मामूने ईदीत दिलेला बूट कोणती मुलगी ढिला आहे म्हणून परत करेल?

ईदनंतर तिने धावणं एकदम वाढवलं. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला आठ किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे बारावरून अठ्ठेचाळीस. मी शिक्षक आहे, हिशेब मला येतो, पण हा हिशेब मी तेव्हा मांडला नाही. उलट मोहल्ल्यात कौतुकाने सांगत होतो की पोरगी रोज आठ किलोमीटर पळते. एप्रिल-मेची वर्ध्याची जमीन. काळी माती उन्हाने भेगाळलेली आणि दगडासारखी झालेली, आणि माती टाळावी तर सिमेंटचा रस्ता. पारा पंचेचाळिसाकडे.

मेच्या मध्यापासून तिच्या नडगीला दुखायला लागलं. आधी धावणं सुरू करताना दुखायचं आणि अंग तापलं की थांबायचं. मग धावणं संपल्यावर दुखायला लागलं. मग चालताना. मग रात्री झोपेत. हे सगळं तिने आम्हाला नंतर सांगितलं. तेव्हा सांगितलं ते फक्त तिच्या मैत्रिणींना. त्यांनी त्यांच्या प्रशिक्षकांना विचारलं. उत्तर आलं, "दुखतं म्हणजे पाय तयार होतोय."

आता थोडं माझ्या पायाविषयी, कारण ते याच घरात, याच्या चारच महिने आधी घडलं होतं.

मला साखर आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, मी उत्साहाने पळायला लागलो, शाळेच्या पीटीच्या जुन्या कॅनव्हास बुटांत. जानेवारीत टाच धरली. ज्यांना हे झालंय त्यांना माहीत आहे की दिवसातलं सगळ्यात वाईट पाऊल म्हणजे झोपेतून उठल्यावरचं पहिलं पाऊल. फजरला उठायचो, थंड फरशीवर पाय टेकला की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. दहा-बारा पावलं टाकली की जरा सैल व्हायचं. तळव्याच्या खालून टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा असतो. रात्रभर तो आखडून राहतो आणि सकाळी शरीराचा सगळा भार एकदम त्याच्यावर पडतो, म्हणून ते पहिलं पाऊल.

मी काय केलं? अख्ख्या घराला सांगितलं. बायकोने पाण्याची बाटली बर्फात ठेवून दिली, मी ती तळव्याखाली फिरवायचो. ही भाचीच मला उठण्याआधी अंथरुणात ओढणी देऊन सांगायची, "मामू, पायाच्या बोटांना अडकवा आणि आपल्याकडे ओढा, मग उठा." मशिदीत दोन जणांनी तेल सुचवलं, एकाने टाचेखाली घालायची रबरी गादी आणून दिली. साखर असलेल्या माणसाने घरातही अनवाणी फिरू नये, हे सांगून डॉक्टरांनी घरात मऊ चप्पल घालायला लावली. दीड-दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं. या काळात मला एकदाही कुणी म्हटलं नाही की मग पळणं बंद करा.

त्याच घरात ती मुलगी पाय दुखतो म्हणून तोंड उघडायला तयार नव्हती.

उघड झालं ते माझ्या बायकोमुळे. तिने एक दिवस पाहिलं की भाची नमाज पढताना जानमाजखाली गोधडीची घडी घालते आहे. सजद्यात आणि बसताना नडगी जमिनीला टेकते, ते तिला सोसत नव्हतं. बायकोने विचारलं तर म्हणाली, "कुछ नै मुमानी, फरशी कडक लगती." बायकोने तिच्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा ठेवून हलकेच दाबलं. पोरगी ओरडली आणि रडायला लागली. रडत रडत पहिलं वाक्य काय बोलली? "अब्बूंना सांगू नका."

१९ जूनपासून मैदानी चाचण्या सुरू होणार होत्या. दोन आठवडे उरले होते.

हाडांच्या डॉक्टरांनी तिला आधी एका बोटाने दुखती जागा दाखवायला सांगितली. नेमकी याच गोष्टीने फरक कळतो, असं ते म्हणाले. नवीन धावणाऱ्यांची नडगी दुखते ती बहुतेक वेळा आतल्या कडेने लांबवर, वीतभर पट्टा दुखल्यासारखी. ती विश्रांतीने आणि धावणं कमी केल्याने बरी होते. पण दुखणं एका बोटाखाली मावत असेल, रात्री झोपेतही जाणवत असेल, त्या पायावर एक उडी मारली तरी कळ येत असेल, तर हाडाला चीर गेल्याचा संशय धरायचा आणि त्या दिवसापासून धावणं थांबवायचं. एक्स-रे स्वच्छ आला. मला हायसं वाटलं, पण डॉक्टर म्हणाले की सुरुवातीला ही चीर एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआय केला. त्यात दिसली.

मी विचारलं, पोरगी पडली नाही, लागलं नाही, मग हाड कसं चिरलं? त्यांनी सांगितलेलं मी इथे माझ्या शब्दांत देतो, कारण भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक घराला हे माहीत असावं. हाड ही मेलेली वस्तू नाही. त्यावर नवा भार पडला की शरीर आधी जुना भाग थोडा पोखरतं आणि मग तिथे नवा, जास्त मजबूत भाग भरतं. पोखरण्याचं काम लवकर होतं, भरण्याचं काम सावकाश होतं, त्याला आठवडे लागतात. दम मात्र पंधरा-वीस दिवसांत वाढतो. म्हणजे छाती म्हणते आणखी पळ, आणि हाड अजून अर्धवट बांधलेलं असतं. नेमकं धावणं वाढवल्यापासून तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात म्हणून हे दुखणं वर येतं. ईदपासून मेच्या मध्यापर्यंत मोजा. पाच आठवडे.

मग त्यांनी मला बाहेर बसायला सांगून बायकोसमोर तिला काही विचारलं. पाळी वेळेवर येते का, काय खातेस, किती खातेस. तिथे कळलं की वजन हलकं राहावं म्हणून ती रमजानपासूनच अर्धी पोळी खात होती आणि तीन महिन्यांपासून पाळी चुकत होती. रक्तात लोह कमी, व्हिटॅमिन डी कमी. भरती देणाऱ्या मुलीचं पोट रिकामं असेल तर शरीर आधी पाळी थांबवतं आणि मग हाडातून वसूल करतं. हे आपल्या घरांत बाप-मामांनी बोलायचं नसतं, म्हणून मी इथे लिहितो आहे.

बूट पाहून डॉक्टरांनी एवढंच म्हटलं, "हा हिचा नाही." टाच आत सरकत होती, पाय जागेवर ठेवण्यासाठी ती लेस करकचून बांधायची आणि बोटं आत मुडपून धरायची. नखं काळी पडली होती. मुलींचा पाय म्हणजे मुलांच्या पायाची छोटी प्रत नसते. बऱ्याच मुलींची टाच पंजाच्या मानाने अरुंद असते. मुलांचा लहान नंबर घेतला की पुढे बसतो आणि मागे सुटतो.

मी विचारलं, मग बुटामुळेच झालं का? ते म्हणाले, बूट चांगला असता तरी बारावरून अठ्ठेचाळीस केलं असतं तर हे झालंच असतं.

घरी आल्यावर मी याविषयी बरंच वाचलं. लहानपणी आम्हाला कुणीतरी शिकवलं होतं की मशिदीच्या वझूखान्यातून बाहेर येताना ओल्या पायाचा ठसा बघावा. पूर्ण तळवा उमटला तर पाय सपाट, मध्ये कमान दिसली तर चांगला. बुटाच्या दुकानांतही जगभर अनेक वर्षं याच ठशावरून बूट सुचवले जात होते, सपाट पायाला एक, उंच कमानीला दुसरा. अमेरिकेत लष्कर, हवाई दल आणि मरीन यांच्या नव्या भरती झालेल्या जवानांवर याची मोठी तपासणी झाली. काहींना कमानीप्रमाणे निवडून बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. भरतीच्या पोरांचा प्रश्न तिथेही भरतीच्याच पोरांवर तपासला गेला, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं. आज धावण्याचा अभ्यास करणारे बरेच लोक साधी गोष्ट सांगतात. जो बूट घालून धावल्यावर तुमच्या पायाला बरं वाटतं, तो तुमचा. पण हे पायालाच विचारावं लागतं. मामूच्या अंगठ्याला नाही.

बूट नसतानाही लोक धावले आहेत, हे खरं आहे. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६०च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली. आपल्याकडे बारामतीच्या लता करे नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी शर्यत धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला. भरतीची मुलं ही उदाहरणं देतात. पण लता करेंच्या गोष्टीतून मी बूट नको हा धडा घेत नाही. त्या वयात औषधपाण्यासाठी असं धावावं लागू नये, एवढाच घेतो. आणि ज्यांचे पाय जन्मभर अनवाणी चालून तयार झालेत त्यांची बरोबरी दोन महिन्यांत करायला जाणं, ही पुन्हा तीच घाई.

दुल्हेभाईंना मी फोनवर सांगितलं नाही. रविवारी हिंगणघाटला गेलो. समोर बसून सगळं सांगितलं, माझ्या बुटासकट. वाटलं होतं की आता ते म्हणतील, "मी म्हटलं होतं ना." ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "किती पळत होती आधी? आणि नंतर किती?" मी आकडे सांगितले.

ते म्हणाले, "जिनिंगमध्ये नवा पोरगा कामाला आला की आम्ही त्याला पहिल्या दिवशी पूर्ण पोतं देत नाही. आठ दिवस झाडू मार, रिकामी पोती उचल, मग अर्धं, मग पूर्ण. जो पहिल्या दिवशी जोर दाखवतो तो चौथ्या दिवशी घरी बसतो. आणि एखाद्याची कंबर धरली तर आम्ही त्याला काढून टाकत नाही, काम बदलून देतो. काढून टाकलं तर पुढचा पोरगा कंबर दुखते म्हणून सांगेल का? लपवेल, आणि एक दिवस पोत्याखाली पडेल."

हे बोलून ते स्वतःच थांबले. आपण मुलीला काय सांगून ठेवलं होतं ते त्यांना त्याच क्षणी आठवलं असावं. आपा आतून चहा घेऊन आली तेव्हा ते डोळे पुसत होते.

त्या भरतीला भाची उभी राहिली नाही. जूनमध्ये पावसाच्या तोंडावर तिच्या मैत्रिणी मैदानावर गेल्या आणि ती आमच्या घरात खिडकीशी बसून राहिली. त्या दिवसांबद्दल मी जास्त लिहीत नाही. सहा आठवडे धावणं पूर्ण बंद. दुखणं थांबल्यावर चालणं, मग सायकल, मग भिंतीला धरून टाचा वर उचलण्याचा व्यायाम, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. पोटरी मजबूत असली की नडगीवरचा ताण ती वाटून घेते. पोटभर जेवण आणि गोळ्या. मग एक मिनिट हलकं धावणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं, एक दिवसाआड. पहिल्या दिवशी ती रडकुंडीला आली होती. म्हणाली, "मामू, ही तर म्हातारी माणसं पळतात." मी म्हटलं, मी आहे ना तुझ्याबरोबर, तेच.

दुसरे बूट घ्यायला दुल्हेभाई स्वतः आले. त्यांनी एक गोष्ट केली ती मला कधी सुचली नसती. घरी मुलीला जुन्या वर्तमानपत्रावर उभं केलं आणि दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवली. त्यांच्या लहानपणी मोची असंच माप घ्यायचा. वर्ध्याला तर ही गोष्ट परकी असू नये. इथून जवळ नालवाडीला गांधीजींच्या काळात चर्मालय चालायचं. स्वतः गांधीजी दक्षिण आफ्रिकेत चपला बनवायला शिकले होते. तुरुंगात असताना बनवलेला एक जोड त्यांनी १९१४मध्ये जनरल स्मट्सना दिला. चप्पल पायाच्या मापाने बनते, ही एवढी साधी गोष्ट आपण तयार खोक्यांच्या दुकानात विसरलो.

तर संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि धावतानाही सुजतो, म्हणून संध्याकाळचं माप खरं. ज्या मोज्यांत ती धावते तेच मोजे घालून. वर्तमानपत्रावर तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा मोठा निघाला होता. बहुतेकांचे दोन पाय सारखे नसतात. माप मोठ्या पायाचं धरलं. बुटातली आतली गादी काढून ती कागदावरच्या रेषेवर ठेवली. रेषा गादीबाहेर जात असेल तर तो बूट पंजात चावणार. मग घालून, उभं राहून, सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा. टाच वर उचलली जायला नको. बूट हातात धरून वाकवला तर तो जिथे आपला पाय वाकतो तिथे, बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडता कामा नये. शेवटी भाची दुकानाबाहेर रस्त्यावर दोनदा धावून आली. दुकानदार थोडा वैतागला. दुल्हेभाई म्हणाले, "शेठ, लग्नाचा शालू नेसून बघतात, हा तर रोज घालायचा आहे." चार जोड झाले. घेतला तो पाचवा, ईदच्या बुटापेक्षा स्वस्त होता आणि दिसायला साधा.

आता घरात एक वही आहे. त्यात तारीख, किती धावली, कुठे दुखलं, किती दुखलं. माझीही पानं आहेत. धावणं दर आठवड्याला थोडंच वाढतं आणि तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी. बुटाचे किलोमीटरही लिहितो, कारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर वरून चांगला दिसणारा बूटही आतून बसलेला असतो. रस्त्याच्या एकाच कडेने रोज धावायचं नाही, उतारामुळे एका गुडघ्यावर जास्त भार येतो. पण या सगळ्यात मोठी गोष्ट तो "कुठे दुखलं" नावाचा रकाना आहे. तिच्या अब्बूंनी पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, "दुखतं लिहिलं म्हणून धावणं बंद होणार नाही."

मागच्या हिवाळ्यात आम्ही सगळे गिरडला गेलो, शेख फरीद बाबांच्या टेकडीवर. तिथे आपल्या जिल्ह्यातले हिंदू-मुसलमान दोघे जातात. चढताना अम्मी तिच्या हजच्या आठवणी सांगत होती. सफा आणि मरवाच्या दरम्यान सात फेऱ्या, तीन किलोमीटरच्या वर चालणं, आणि तिचे सुजलेले पाय. हिरव्या दिव्यांच्या मधल्या टप्प्यात पुरुष थोडं धावतात, बायका चालतात. भाची म्हणाली, "नानी, पण तिथे पहिल्यांदा धावली ती तर बाईच होती ना? बीबी हाजरा, पाण्यासाठी." अम्मी थोडी थांबली. म्हणाली, "हो गं. लेकरासाठी धावली. आणि तिला कुणी विचारलं नाही की पाय दुखतात का."

टेकडी उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, म्हणून मी छोटी पावलं टाकत होतो. भाची माझ्या पुढे होती. मध्येच थांबून मागे वळून तिने विचारलं, "मामू, टाच?" मी म्हटलं, थोडी. "थोडी म्हणजे दहात किती?" मी म्हटलं, दोन. तिने मान हलवली आणि म्हणाली, "घरी गेल्यावर वहीत लिहा."